दोनशे बारा पावलं

१

माझी धाकटी बहीण मेली, आणि त्यानंतर ती दोनशे बारा पावलं चालली.

हे मी म्हणत नाही, तिचा फोन म्हणतो. फोनला ना माया, ना वैर. खिशात घातला की तो मोजत राहतो, खिसा कुणाचा का असेना.

ती जाऊन नऊ दिवस झाले होते. पोलिसांनी तिच्या वस्तू पिशवीत घालून परत दिल्या होत्या: चपला, किल्ल्यांचा जुडगा, केसांचा चाप आणि फोन. फोनच्या काचेला कोपऱ्यात एक तडा गेला होता, बाकी ठणठणीत. तिच्या मानाने फारच ठणठणीत.

तिची मुलगी माझ्याकडे राहायला आली होती. नऊ वर्षांची पोर, एरवी तोंडाला कुलूप नाही. पण त्या नऊ दिवसांत नऊ वाक्यंही बोलली नसेल. त्या संध्याकाळी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "मावशी, आईची त्या दिवशी किती पावलं झाली होती, बघ ना."

"कशाला गं?"

"बघ ना."

कशाला ते मला पक्कं ठाऊक होतं. आम्ही दोघी बहिणी एकाच हॉटेलात. मी तळघरातली लॉन्ड्री बघते, बावीस वर्षं झाली. ती वरच्या मजल्यांची कपडेखोली बघायची. धुतलेल्या चादरी खोल्यांत पोचवायच्या, मळक्या माझ्याकडे धाडायच्या. दोन महिन्यांपूर्वी मॅनेजरसाहेबांनी नोकरांसाठी पावलांची स्पर्धा काढली. प्रत्येकाच्या फोनमध्ये एक ॲप बसवलं आणि जेवणाच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. कोण किती चालला, कुणाचा नंबर कितवा, सगळं त्याच्यावर. पहिलं बक्षीस लाल सायकल. ती रिबीन बांधून हॉलमध्येच उभी केली होती. भाचीने एकदा तिची घंटी वाजवून पाहिली आणि आईचं डोकं खायला लागली: आई, तूच जिंक.

मग एका दुपारी बहीण मागच्या जिन्याच्या तळाशी पडलेली सापडली. साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून सांगितलं, "फोनमध्ये पावलं बघत उतरत होती, तोल गेला. बक्षिसाच्या हव्यासापायी जीव घालवू नका." पोलिसांनीही अपघात लिहिला आणि मोकळे झाले. शाळेत कुणीतरी शहाण्याने हे पोरीच्या कानावर घातलं. घरी येऊन तिने मला एकच विचारलं, "माझ्या सायकलमुळे ना?"

मी नाही म्हटलं. पण नुसतं नाही म्हणून पोरांना पटत नसतं.

भाचीने पिन सांगितला, मी फोन उघडला. त्या दिवसाच्या उभ्या रेघा सकाळपासून गर्दी करून होत्या; जितकी जास्त पावलं, तितकी उंच रेघ. दोन वाजून चौदा मिनिटांनी रेघा संपल्या. पुढे सपाट. आणि मग दोन एक्कावन्नला पुन्हा काही रेघा, तीन वाजून एक मिनिटाला आणखी तेवढ्याच. मिळून दोनशे बारा.

ती सापडली तीन दहाला. डॉक्टर आले तीन वीसला, आणि माझ्यासमोर म्हणाले, "तास तरी झालाय हो."

मी फोन पालथा ठेवला.

"किती झाली?"

"उद्या सांगते," मी म्हणाले. त्याआधी मला कुणाचं तरी नरडं धरायचं होतं.

२

नोकरांच्या आरोग्याला आणि सुरक्षेला म्हणून हॉटेलने एक बाई नेमली होती. आम्ही तिला आरोग्यबाई म्हणायचो. स्पर्धा तीच चालवायची. तळमजल्यावर तिची खोली, शेजारी साहेबांची.

मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं. "बाई, ॲपची मोजताना चूक होते का?"

"ॲप मोजतच नाही हो ताई. मोजतो फोन. चालताना अंगाला जो हिसका बसतो ना, तो फोनला आतून कळतो. ॲप आपलं नंतर येऊन विचारतं, किती झाली रे? ॲप बंद करा, फोन झाकून ठेवा, तो मोजतोच."

"हातगाडीवर ठेवला तर?"

"मग नाही. चाकांवर हिसका कुठला? तुमच्या पोरी त्यावरूनच भांडतात माझ्याशी. दिवसभर गाडी ढकलली आणि पावलं म्हणे दीडशे!" ती हसली, मग मी कोण ते आठवून कागद चाळायला लागली.

"खोटी पावलं पाडता येतात का?"

"आचाऱ्याने पाडली की. पीठ मळायच्या यंत्राला फोन बांधला, एका दिवसात बावीस हजार. म्हटलं, महाराज, तुम्ही काल कुठल्या गावाला चालत गेला होता? यंत्र लगेच ओळखू येतं. मिनिटाला एकशे दहा म्हणजे एकशे दहा. माणूस असा चालत नाही. माणूस पाय ओढतो, रेंगाळतो, दम खातो."

"आणि दुसऱ्याची पावलं मला दिसतात?"

"नावावर बोट ठेवा, अख्खा दिवस दिसतो. साहेबांनीच सगळ्यांना 'परवानगी द्या' दाबायला लावलं. कोण कुठल्या वेळी बूड टेकून बसतं ते त्यांना बघायचं होतं." मग खालच्या आवाजात, "ताई, तिचं नाव मी पडद्यावरून काढते. बरं नाही दिसत."

"हात लावू नका," मी म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की तिच्या हातातलं पेन पडलं.

त्या दिवसापासून मी बहिणीचा फोन एप्रनच्या खिशात ठेवून हिंडायला लागले. ती गेली तेव्हा अकरावी होती. चार दिवसांत आठवी झाली. लोक जेवताना पडद्याकडे बघायचे आणि घास तोंडातच राहायचा. मेलेली बाई रोज चालतेय, आणि त्यांच्या पुढे जातेय. मला बरं वाटायचं. कुणीतरी त्या हॉलमध्ये बसून हे बघत होता आणि त्याच्या घशाखाली पाणी उतरत नसणार, एवढ्यावर मी रात्रीची झोपत होते.

पाचव्या दिवशी त्या फोनमध्ये मला आणखी एक आकडा दिसला. पावलांच्या खाली असतो, कुणी बघत नाही. त्या दोनशे बारा पावलांच्या वेळात, चढलेले मजले: एक.

३

हॉटेलच्या दुरुस्त्या करणारा मिस्त्री लॉन्ड्रीच्या पलीकडेच बसतो, तळघरातच. बहीण त्याला सापडली होती. तेव्हापासून माझी नजर चुकवायचा. मी त्याच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

"दार कशाला लावता मोठ्या ताई?"

"तू पळू नयेस म्हणून. काय लपवतोयस?"

त्याने हातातला स्क्रू इकडून तिकडे फिरवला. "तिसऱ्या मजल्याच्या वळणावरचा कठडा सैल होता. मी तीनदा लिहून दिलं वरती. तुमच्या बहिणीला माहीत होतं. ती म्हणाली, मी फोटो काढून दाखवते, मग कसे ऐकत नाहीत बघू."

"दाखवते, पण कुणाला?"

"ते नाही बोलली. सुरक्षेची सही आरोग्यबाईंची असते. हुकूम साहेबांचा."

बहिणीच्या फोनमध्ये कठड्याचा एकही फोटो नव्हता. काढून टाकलेल्या फोटोंची पेटी असते, तीही रिकामी. आणि पिन आम्हा घरच्यांनाच ठाऊक; बाकी कुणालाही तो बोट लावूनच उघडता येणार. कुणाचं बोट लावलं असेल, हे लक्षात आलं आणि मी फोनची काच एप्रनला पुसून काढली.

"चल, दाखव कठडा."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. मी दोन्ही हातांनी कठडा गदागदा हलवला. घट्ट. डोंगरासारखा घट्ट. खाली जिन्याच्या मधल्या पोकळीतून तळघराची फरशी दिसत होती.

मी मिस्त्रीकडे वळले. "सैल होता ना? मग आवळला कुणी? तुझ्याशिवाय इथे पाना कुणाला धरता येतो?"

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. पण तो पळाला नाही. खाली बसला आणि नटाला बोट लावलं. "ताई, हा बघा. आणि आता तो खालचा बघा, दुसऱ्या मजल्याचा."

खालच्या नटावर लाल रंगाचा एक ठिपका होता. त्याच्या खालच्यावरही. या हॉटेलात मिस्त्रीने आवळलेला प्रत्येक नट तसाच. मी बावीस वर्षं बघतेय, माझ्या मशीनींवरही आहेत, कधी लक्ष दिलं नव्हतं.

"आवळला की ठिपका. पुढच्या वेळी ठिपका सरकलेला दिसला की समजायचं, नट ढिला होतोय. चौदा वर्षांत एक नट मी ठिपक्याशिवाय सोडला नाही. आईची शपथ." तिसऱ्या मजल्याचे दोन्ही नट कोरे होते. "आणि त्या दिवशी माझा सतरा नंबरचा पाना चुकीच्या खिळ्यावर टांगलेला होता. मला वाटलं, माझंच डोकं ठिकाणावर नाही."

मी जिन्याच्या तळापासून मिस्त्रीच्या खोलीपर्यंत चालून पाहिलं. पंचावन्न पावलं, आणि चढायचं काहीच नाही, दोन्ही तळघरात. मग जिन्याच्या तळापासूनच वर, तळमजल्यावर आरोग्यबाईंच्या दारापर्यंत गेले: एकशे नऊ. साहेबांच्या दारापर्यंत: एकशे तीन. दोनशे बाराच्या निम्मे एकशे सहा. माणसागणिक तीन-चार पावलं इकडची तिकडे.

मिस्त्री सुटला. उरल्या दोन शेजारशेजारच्या खोल्या, आणि त्यातल्या एकीत माझ्या बहिणीचा फोन दहा मिनिटं बसून आला होता.

४

साहेबांना शोधत मला जावं लागलं नाही. ते रोज दुपारी दोन वाजून आठ-दहा मिनिटांनी लॉन्ड्रीत येतातच. कोट काढतात आणि तीन नंबरच्या मशीनच्या अंगाला जो आकडा आहे, त्याला स्वतःच्या हाताने टांगतात. "इस्त्री नको हं. वाफेने सुरकुत्या आपोआप जातात. आणि खिशाला हात लावू नका, कागद आहेत." मग शर्टाच्या बाह्या दुमडून जेवणानंतरच्या फेरीला. मागच्या बागेत. सव्वातीनला परत येऊन कोट घालणार. पडद्यावर साहेब कायम पहिले, रोज चौदा हजार. येता-जाता आम्हाला ऐकवायचे, "साहेब असून मी चालतो, तुम्हाला काय झालंय?"

त्या दिवशी मी म्हटलं, "साहेब, तिच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

त्यांना राग नाही आला. उलट चेहऱ्यावर हळहळ आणली, कोटासारखी, सहज. "बागेत. तेच तर मनाला लागतं. मी तिकडे चालतोय आणि इकडे..." हातातल्या फोनकडे बघून ते थांबले. साहेबांकडे दोन फोन, हातातला बोलायचा. "हवं तर ॲपमध्ये बघा. दोन दहा ते तीन पाच, बागेतच."

"बघते."

"आणि तिचं नाव पडद्यावर असू दे. आरोग्यबाई काढा म्हणत होत्या, मीच नको म्हटलं. श्रद्धांजली समजू." जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुणी चालतंय तिच्या नावाने, हो ना? चालू दे. मन हलकं होतं."

मी साहेबांच्या नावावर बोट ठेवलं. त्या दिवशी दोन दहा ते तीन पाच, रेघाच रेघा. वेड्यावाकड्या, कमीजास्त, मधे थांबलेल्या. अस्सल माणसाच्या.

आरोग्यबाईच्या नावावर बोट ठेवलं. दोन ते साडेतीन, एकही पाऊल नाही.

आणि तिनेच मला सांगितलं होतं, हातगाडीवर ठेवलेला फोन मोजत नाही.

५

मी तडक तिच्या खोलीत गेले आणि विचारलं, दीड तास कुठे होतीस. तिने माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागली.

"इथेच. टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. मीच सगळ्यांना चाला चाला म्हणून सांगते आणि मीच... तुम्ही कुणाला सांगू नका ताई."

झोपेला साक्षीदार नाही. कोण मानणार? पण मी खाली येऊन विचार करत बसले, आणि बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. आरोग्यबाईला चांगलं माहीत होतं की फोन झाकला तरी मोजतो. तिने माझ्या बहिणीचा फोन नेला असता तर खिशात घालून नेलाच नसता. गाडीवर टाकून लिफ्टने नेला असता. एकही पाऊल उमटलं नसतं. दोनशे बारा पावलं पाडणारा माणूस असा होता, ज्याला फोनमधले फोटो पुसता येतात, पेटीसुद्धा रिकामी करता येते, पण खिशातला फोन आपल्या चालण्याने मोजतो हे ध्यानात येत नाही. कारण फोन खिशात घालून चालायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

रोज चौदा हजार चालणाऱ्याला गरज पडली नसेल?

मी साहेबांचा तो दिवस पुन्हा उघडला. अस्सल माणूस. बारा मिनिटं रेघा, कमीजास्त, जसा कुणी एका पायाने अधू माणूस चालावा. मग तीन मिनिटं दम. मग सात मिनिटं झपझप.

माझ्या पाठीमागे तीन नंबर चालू होतं.

तीन नंबरचा एक पाय तुटलेला आहे. खाली लाकडाचा ठोकळा लावलाय, दोन वर्षं झाली. त्यामुळे ते इतर मशीनींसारखं एका सुरात चालत नाही. लंगडतं. धड-धडक, धड, धड-धडक. पोरी त्याला लंगडे आजोबा म्हणतात. आजोबा बारा मिनिटं कपडे घोळवतात, तीन मिनिटं दम खातात, सात मिनिटं पिळतात. बावीस मिनिटांत एक फेरा.

मी खुर्चीतून उठले. मशीनवर तळहात ठेवला, तोच लंगडा हिसका हाताला लागला. आकड्यावर साहेबांचा कोट डुलत होता, आणि त्याच्या खिशात साहेब बागेत चालत होते.

दोन महिने. माझ्या खोलीत, माझ्या मशीनवर. मीच त्याला साक्षीदार पुरवला होता.

मग त्या दिवसाच्या रेघा मी मिनिटाला मिनिट लावून बघितल्या. दोन दहाला सुरू. दोन बत्तीसला फेरा संपला. एरवी दोन मिनिटांत मी पुढचे कपडे भरते. त्या दिवशी रेघा थेट दोन त्रेचाळीसला सुरू झाल्या. अकरा मिनिटं कोरी.

ती अकरा मिनिटं मला आठवत होती. मी मशीन रिकामं ठेवून दारात उभी होते, कमरेवर हात ठेवून. बहीण मळक्या चादरी घेऊन यायची होती. मी पोरींना म्हटलं होतं, "कुठे उलथली ही बया?" शेवटी वैतागून टॉवेल भरले.

साहेबांचं बागेतलं थांबणं म्हणजे माझ्या बहिणीचं न येणं होतं.

६

बक्षीस समारंभ महिन्याच्या शेवटच्या दिवशी. मालकीणबाई आल्या होत्या, वर्षातून दोनदा येतात. साहेब माइकवर. पडद्यावर नावं. मी त्या पंधरवड्यात इतकी चालले होते की पायांना फोड आले होते. आरोग्यबाई सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो फोन घेऊन चालली होती, आणि मिस्त्रीसुद्धा. मी त्या दोघांना सगळं सांगितलं होतं. पहिल्या नंबरवर माझ्या बहिणीचं नाव होतं. साहेब दुसरे.



साहेब कसनुसं हसले. "हे... हे भावनेच्या भरात झालंय. तरी आपण तिला मानाने..."

"सायकल घ्यायला मी येते," मी म्हणाले आणि वर गेले. माइक मागितला नाही, लॉन्ड्रीत बावीस वर्षं ओरडून बोलणारीला लागत नाही. "मालकीणबाई, पाच मिनिटं द्या. साहेब, ती गेली त्या दुपारी तुम्ही बागेत चालत होता?"

"हे काय विचारायचं ठिकाण आहे?"

"हो की नाही?"

"हो! सगळ्यांना दिसतंय ॲपमध्ये."

आरोग्यबाईने त्यांच्या रेघा पडद्यावर लावल्या. 

"मग दोन बत्तीस ते दोन त्रेचाळीस का थांबला होता?"

"बाकावर बसलो असेन. माणूस दम खातो की नाही?"

"खातो. आता हे बघा." दुसऱ्या रेघा आल्या, पहिल्यांच्या खाली. हुबेहूब. बारा, तीन, सात. तोच लंगडा पाय. "ही चाल कालची. कुणाची आहे सांगू? तीन नंबरच्या मशीनची. मी माझा फोन एका एप्रनच्या खिशात घालून तुमच्या आकड्याला टांगला आणि समोर बसून राहिले."

मागून आचारी मोठ्याने म्हणाला, "आणि मला पकडलं होतं!" कुणीतरी हसलं. मालकीणबाई हसल्या नाहीत.

"ते अकरा मिनिटांचं थांबणं माझं आहे, साहेब. मशीन मी रिकामं ठेवलं होतं, कारण माझी बहीण चादरी आणणार होती. तुमचा कोट माझ्याकडे थांबला होता. तुम्ही कुठे होता? तिसऱ्या मजल्यावर सतरा नंबरचा पाना घेऊन ठिपका न देता नट आवळत होता की नाही?"

"काहीही! पुरावा काय?"

"दोनशे बारा पावलं. तिने फोटो काढला, तुम्हाला दाखवायला बोलावलं. मालकीणबाईंना कळण्याआधी तुम्हाला सांगावं, एवढी ती भली. कठडा कसा हलतो ते दाखवायला टेकली आणि गेली. मग तुम्ही तिचं बोट लावून फोन उघडलात, खिशात घातलात, एक मजला चढून तुमच्या खोलीत नेलात, फोटो पुसलेत आणि परत आणून ठेवलात. चाललात साहेब, दोन महिन्यांत पहिल्यांदा खरे चाललात, आणि ते तिच्या फोनवर उमटलं."

साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ते मालकीणबाईंकडे बघून ओरडले, "मी ढकललं नाही! ती आधीच गेली होती! मी खाली पोचलो तेव्हा ती गेलेली होती, मी काय करणार होतो?"

त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण हात तोंडाकडे गेला.

मी त्यांच्या अगदी जवळ गेले. बावीस वर्षांत मी त्या माणसाला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"डॉक्टरला मी विचारलंय. पडल्यावर पाच-दहा मिनिटं तरी तिचा श्वास असणार, म्हणाले. तेव्हा तू पाना शोधत होतास, वर नट आवळत होतास. तिच्यापासून माझं दार किती पावलांवर आहे, मोजलंयस? एक्केचाळीस. मी आतच होते. तिची वाट बघत होते. स्वतःची कातडी वाचवायला दोनशे बारा चाललास, आणि मला हाक मारायला तुला एक्केचाळीस जड झाली."

तो खाली बसला. मी त्याला मारलं नाही. मारायचं ठरवूनच वर गेले होते, पण हातात तिचा फोन होता, तो खाली ठेववेना. मिस्त्री दारात आडवा उभा राहिला, आणि मालकीणबाईंनी स्वतःच्या फोनवरून पोलिसांना बोलावलं.

७

सायकल मिस्त्रीने घरी आणून दिली. भाची दारात उभी राहून लांबूनच बघत होती.

"नको मला ती."

मी तिला पायरीवर शेजारी बसवलं. "तू विचारलं होतंस ना, आईची पावलं किती झाली? आता सांगते. दोन वाजून चौदा मिनिटांपर्यंत सात हजार सहाशे चाळीस. पुढची दोनशे बारा तिची नाहीत. ती एका चोराची आहेत."

"मग आई फोन बघताना नव्हती पडली?"

"नाही. कठडा सैल होता. दुसरं कुणी पडू नये म्हणून ती त्याचा फोटो काढायला गेली होती. सायकलचा काही संबंध नाही गं. त्या दिवशी ती जिंकायच्या आसपासही नव्हती. अकरावी होती तुझी आई."

"अकरावी?" तिच्या तोंडावर नऊ दिवसांपूर्वीची, नव्हे, महिन्यापूर्वीची पोर क्षणभर येऊन गेली. "शी! एवढी मागे?"

"एवढी मागे."

मग ती रडली. पहिल्यांदाच, आणि चांगली तासभर. मिस्त्री तोवर खाली बसून सायकलचे सगळे नट तपासत होता. प्रत्येकावर एक लाल ठिपका देत होता. लाल सायकलवर ते दिसतसुद्धा नव्हते, तरी देत होता.

साहेब आत आहे. खटला उभा राहील तेव्हा मी पहिल्या बाकावर बसणार आहे, प्रत्येक तारखेला. पोलिसांनी त्याचे दोन्ही फोन नेले. कोट मात्र तीन नंबरच्या आकड्यावरच राहिला. परवा त्याची बायको न्यायला आली. लोकरीचा आहे, महाग आहे, म्हणाली. तिचा बिचारीचा काही दोष नाही. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, धुऊन देते, थांबा.

लंगड्या आजोबांत टाकला. पाणी उकळतं ठेवलं, जेवढं चढतं तेवढं. बारा मिनिटं घोळला, तीन मिनिटं दम, सात मिनिटं पिळला. मग आणखी एक फेरा दिला.

घडी घालून, कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला. भाचीच्या बाहुलीला थोडा सैल झाला असता, एवढंच.